लग्न मोडायचा एपिसोड लिहिताय? अ‍ॅनिमेटेड सिटकॉमची स्क्रिप्ट, पहिल्या ओळीपासून अ‍ॅनिमॅटिकपर्यंत

अ‍ॅनिमेशन शिकणारी, स्वतःची सिरीज करायला निघालेली मुलं मला स्क्रिप्ट वाचायला पाठवतात आणि त्यातला एक एपिसोड जवळपास प्रत्येकाकडे असतोच, घरात लग्न आहे आणि कुणीतरी ते मोडायला बघतंय. विषय मस्त आहे, एका छताखाली सगळी पात्रं, वेळेचं बंधन, नटूनथटून आलेली माणसं आणि पोटात गुपित. पण दहातल्या आठ स्क्रिप्ट एकाच चालीने जातात. लाडवात जुलाबाचं औषध, मग घोडा उधळतो, मग जुना बॉयफ्रेंड येतो आणि शेवटच्या पानावर कुणीतरी मांडवात ओरडतं "थांबा, हे लग्न होऊ शकत नाही". वाचताना कुणी हसत नाही. गमती वाईट असतात म्हणून नाही, तर कामाचा क्रम उलटा झालेला असतो म्हणून. आधी गमती लिहिल्या, मग त्यांना जोडायला कारण शोधलं. खाली पहिल्या ओळीपासून अ‍ॅनिमॅटिकपर्यंतचा, म्हणजे आवाजावर लावलेल्या कच्च्या चित्रांच्या व्हिडिओपर्यंतचा, क्रम दिलाय, तो मोडू नका, एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

साधी वही, स्टॉपवॉच, मोठ्याने वाचायला तयार असलेले पाच-सहा जण आणि आधीच झालेला एक चांगला एपिसोड. मी इथे 'द सिम्पसन्स' या अमेरिकन अ‍ॅनिमेटेड सिटकॉमच्या पाचव्या सीझनमधला 'लेडी बुव्हिएज् लव्हर' धरतोय, मे १९९४ चा. घरातला नवरा होमर, त्याचे वडील आणि बायको मार्ज हिची आई यांचं जमायला लागतं, तेवढ्यात म्हातारे कारखानदार मिस्टर बर्न्स मध्ये येतात आणि मार्जच्या आईला लग्नाला तयार करतात, आणि होमरचे वडील, म्हणजे घरातले आजोबा, ऐन लग्नात जाऊन धडकतात. एका जुन्या हॉलिवूड सिनेमाच्या शेवटाची ती सरळसरळ नक्कल आहे.

हा एपिसोड किंवा तुमच्या आवडीचा दुसरा कुठलाही, तीनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा स्टॉपवॉच लावून प्रत्येक सीन किती सेकंदांचा आहे ते लिहा, आकडे बघून धक्का बसेल कारण बरेच सीन एका मिनिटाच्या आत संपतात. तिसऱ्यांदा आवाज बारीक करून फक्त एकच गोष्ट लिहायची, या सीनमध्ये कोणाला काय हवंय आणि ते मिळालं का. ही तिसरी फेरी लोक गाळतात आणि खरं शिक्षण तिथेच असतं.

चेक: वहीत प्रत्येक सीनसमोर एक "हवंय" आणि एक "मिळालं / नाही मिळालं" लिहिलेलं आहे का? नसेल तर परत बघा.

## टप्पा १. मोडणाऱ्याचं दुखणं एका वाक्यात लिहा

प्लॅनचा एक शब्दही लिहिण्याआधी हे वाक्य हवं: अमक्याला हे लग्न मोडायचंय कारण, आणि पुढे असं कारण जे तो माणूस कुणासमोर तोंडाने बोलू शकत नाही. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. "नवरा चांगला नाही" हे कारण बोलता येतं, मग त्याने बोलावं ना, चार माणसांत बसून विषय संपवावा, एपिसोड दीड मिनिटात खलास. लपून डाव टाकायची गरज तेव्हाच पडते जेव्हा खरं कारण बोलायची लाज वाटते.

सिम्पसन्सच्याच २००५ मधल्या लग्नाच्या एपिसोडमध्ये मार्जला बहिणीच्या होणाऱ्या जोडीदाराबद्दल मोठं गुपित कळतं आणि ती ते लग्नाच्या वेळेपर्यंत पोटात ठेवते, कारण बहिणीचं हे लग्न तिला मनातून पटलेलंच नसतं. गुपित मोठं आहेच, पण सीन चालतो तो मार्जच्या गप्प राहण्यावर.

पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी एक उदाहरण घेऊ, आपल्या मराठी घरातलं. सुहास, ४८ वर्षांचा, बायको मेधा, दोन मुलं पिंकी आणि ओम. सुहासची मोठी बहीण ताई, वय ५२, लग्न न करता याच घरात राहिलेली, आईवडील गेल्यावर सुहासला तिनेच वाढवलं. आता ताई करंदीकर नावाच्या रिटायर माणसाशी लग्न करतेय. सुहासचं वाक्य: सुहासला लग्न मोडायचंय कारण ताईशिवाय घर कसं असतं हे त्याला माहीतच नाही आणि ४८ व्या वर्षी हे बोलायची त्याला लाज वाटते.

या एका वाक्यातून मला शेवट दिसतो, त्याचे डाव कसे असतील ते दिसतं आणि तो हरला तरी प्रेक्षक त्याच्यावर चिडणार नाहीत हेही कळतं.

सावध: पैशासाठी, सूड म्हणून, "सहज मजा म्हणून" लग्न मोडणारा माणूस साईड कॅरेक्टर म्हणून चालेल, मुख्य म्हणून नको. तीन मिनिटांनी प्रेक्षक नवरीच्या बाजूला जातात आणि मग तुमच्या हिरोचा प्रत्येक विनोद त्यांना टोचतो.

## टप्पा २. शेवट आधी ठरवा

लग्न लागणार की मोडणार? आणि पुढच्या आठवड्यात घर कसं दिसणार? सिटकॉम आहे, सगळं जिथल्या तिथे यायला हवं, नाहीतर पुढच्या एपिसोडची गणितं बदलतात. लोक हा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत ढकलतात आणि मग घाईत काहीतरी चिकटवतात.

तीन रस्ते आहेत. एक, लग्न मोडतं आणि सगळं पूर्वीसारखं. 'लेडी बुव्हिएज् लव्हर'मध्ये हेच केलंय पण हुशारीने, नवरी सांगते की मला दोघांपैकी कुणाशीच लग्न करायचं नाही, आजोबांना तेवढंही पुरतं. मोडणारा जिंकला असंही नाही, हरला असंही नाही, आणि निर्णय नवरीचा राहिला. दोन, लग्न लागतं पण घरात फारसा बदल होत नाही. तीन, खरोखर बदल होतो आणि तुम्ही तो पुढे निभावता, त्याच सिरीजमध्ये डिसेंबर १९९६ च्या एपिसोडमध्ये होमरच्या मुलाचा मित्र मिलहाउस याच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला तो पुढे बरीच वर्षं तसाच ठेवला होता. तिसरा रस्ता नवीन माणसाने पहिल्याच सीझनला घेऊ नये असं माझं मत आहे.

आपल्या उदाहरणात दुसरा रस्ता घेऊ. लग्न लागतं, ताई राहायला जाते ती समोरच्या बिल्डिंगमध्ये, आणि शेवटच्या शॉटमध्ये ती सकाळी सातला याच घराच्या किचनमध्ये उभी आहे. पण हे सुहासला, आणि प्रेक्षकालाही, शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही.

चेक: शेवटचा निर्णय नवरीने किंवा नवऱ्याने घेतलाय का? मोडणाऱ्याच्या डावपेचामुळे परस्पर लागला असेल तर शेवट बदला.

## टप्पा ३. लग्नाचा खरा क्रम कागदावर काढा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. "कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला" हा प्रसंग ख्रिश्चन लग्नाच्या विधीतून परदेशी सिरीजमध्ये आला आणि तिथे तो शोभतो. आपल्या मांडवात गुरुजी असं कुणालाच विचारत नाहीत. तरी दर स्क्रिप्टमध्ये मंगलाष्टकं थांबवून कुणीतरी भाषण करतं. मराठी लग्नात अडवायच्या जागा वेगळ्या आहेत आणि त्या जास्त गमतीच्या आहेत, फक्त त्या माहीत पाहिजेत.

घरातल्या कुणा मोठ्या बाईला धरून क्रम लिहून घ्या. साधारण असा येईल: साखरपुडा, केळवणं, हळद, सीमांतपूजन, गौरीहर पूजायला बसलेली नवरी, मामा तिला बोहल्यावर आणतो, अंतरपाट, मंगलाष्टकं, हार, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, त्यात कानपिळी, मग सप्तपदी, पंगत, पाठवणी. समाजानुसार, गावानुसार हा क्रम आणि नावं बदलतात, म्हणून तुमचं पात्र ज्या घरातलं आहे त्याच घराचा क्रम घ्या, भेसळ करू नका. एका स्क्रिप्टमध्ये सप्तपदी झाल्यावर अंतरपाट धरला होता, पहिल्याच वाचनाला सगळ्या मावश्यांनी वही खाली ठेवली.

आता प्रत्येक विधीसमोर तीन गोष्टी लिहा: इथे कोणती वस्तू लागते, कोणता माणूस लागतो, आणि किती वेळ आहे. वस्तू हरवू शकते, माणूस उशिरा येऊ शकतो, मुहूर्त टळू शकतो. तुमचे सगळे डाव या तीन रकान्यांतूनच निघतील, बाहेरून आणायची गरज पडत नाही.

कायद्याचीही एक रेघ लक्षात ठेवा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जिथे सप्तपदी हा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं असं लिहिलंय. म्हणजे मोडायला निघालेल्या माणसाची शेवटची वेळ सातवं पाऊल, हार घालणं नाही. अर्धे लोक हार घातला की एपिसोड संपवतात आणि हातातली चांगली सात पावलं वाया घालवतात. आणि लग्न रजिस्टर पद्धतीने, १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली असेल तर तिथे तीस दिवसांची नोटीस लागते आणि त्या काळात खरोखर हरकत घेता येते, पण कायद्यात बसणाऱ्या कारणासाठीच. तो पूर्ण वेगळा एपिसोड आहे, मांडवाचा नाही तर सरकारी ऑफिसातल्या नोटीस बोर्डाचा, आणि तो कुणीतरी लिहावा असं मला फार वाटतं. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घराची गोष्ट असेल तर चर्चमध्ये आधी लग्नाची जाहीर सूचना देतात, हरकत तिथे येते, म्हणजे तुमचा सीन लग्नाच्या दिवसाच्या कितीतरी आधीचा.

सावध: विधीची टिंगल आणि विधीत अडकलेल्या माणसाची गंमत यात फरक आहे. गुरुजींना मूर्ख दाखवलं की सीन पडतो, गुरुजी आपलं काम चोख करतायत आणि त्यामुळेच सुहासची पंचाईत होतेय असं दाखवलं की उभा राहतो.

## टप्पा ४. तीन डाव, आणि प्रत्येकातून पुढचा निघायला हवा

आता प्लॅन लिहायला बसा. तीनच डाव. दोन कमी पडतात आणि चार २२ मिनिटांत मावत नाहीत. नियम असे: पहिला लहान आणि मागे घेता येण्यासारखा, दुसऱ्यात कुणीतरी निरपराध माणूस गुंतलेला, तिसरा असा की आता माघार घेतली तर स्वतःचंच काहीतरी जाईल. दुसरा नियम, प्रत्येक डाव मोडणाऱ्याच्या स्वतःच्या स्वभावामुळे फसला पाहिजे, योगायोगाने नाही. पाऊस आला, लाईट गेली, गाय आडवी आली, असं काही नको.

डाव एक. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. सुहास गुरुजींना फोन करून १ वाजून १७ सांगतो. गुरुजी बरोबर वेळेत हजर. का, तर सुहासच्या घरचं प्रत्येक कार्य उशिरा सुरू होतं, वाट बघत बसावं लागतं, म्हणून गुरुजी मुलीकडच्या मावशीला फोन करून खरी वेळ विचारूनच निघतात, त्याच्यावर विसंबत नाहीत. सुहासची जन्माची सवय त्याला नडली.

डाव दोन. सुहास वरातीचा बँड परस्पर रद्द करतो, करंदीकरांच्या घरचे चिडतील या हिशोबाने. पण करंदीकरांना कानात मशीन आहे आणि बँडच्या कल्पनेने त्यांना आठवडाभर झोप नाही. ते सुहासचे दोन्ही हात धरतात, म्हणतात माझ्या मनातलं ओळखणारा माणूस या घरात आहे हे बघून बरं वाटलं, आणि मंगळसूत्राची डबी विश्वासाने त्याच्याच हातात ठेवतात.

बघा, दुसऱ्या डावाच्या पराभवातूनच तिसऱ्याची वस्तू हातात आली. अशी साखळी जुळली की समजा एपिसोड उभा राहिला. "आणि मग" असं जोडत गेलात तर गमतींची यादी होते, "म्हणून" असं जोडता आलं तर गोष्ट होते.

डाव तीन. सुहास डबी रुखवतातल्या चकलीच्या डब्यात लपवतो. थोड्या वेळाने मेधा सांगते की ते मंगळसूत्र करंदीकरांनी आणलेलं नाहीच, ताईने आईचं जुनं मोडून त्याच सोन्याचं करवून घेतलंय. सुहास डबा शोधायला धावतो आणि रुखवतात एकसारखे अकरा डबे, त्यातला एक गायब.

चेक: प्रत्येक डावापुढे "म्हणून" घालून पुढचा डाव वाचून बघा. वाक्य अडखळलं तर तो डाव बदला, विनोद कितीही आवडता असला तरी.

## टप्पा ५. २२ मिनिटांची वाटणी

फार विचार करू नका. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती काढून साधारण २२ मिनिटं उरतात, यूट्यूबसाठी करत असाल तर ११ मिनिटांचंही चालेल पण मग दोनच डाव. २२ मधली पहिली सहा-सात मिनिटं लग्न ठरल्याची बातमी, दुखणं आणि पहिला डाव. मधली आठ-नऊ दुसरा डाव आणि तिसऱ्याची तयारी. उरलेली सगळी लग्नाच्या दिवसाची. लोक उलटं करतात, लग्नाचा दिवस पाचव्या मिनिटाला सुरू करतात आणि मग तेच हॉल, तेच स्टेज सतरा मिनिटं बघायला लागतं.

दुसरी छोटी गोष्ट, म्हणजे बी स्टोरी, एकच ठेवा आणि ती मुख्य गोष्टीला मांडवातच येऊन धडकली पाहिजे. आपल्याकडे पिंकी आणि ओम रुखवतातल्या चकल्या एकेक करून खातायत आणि डबा रिकामा वाजू नये म्हणून त्यात लग्नपत्रिकांचे बोळे भरतायत. गायब झालेला डबा कुठे आहे ते आता कळलंच असेल.

## टप्पा ६. मांडवातला सीन

या सीनला सगळ्यात जास्त वेळ द्या, मी म्हणेन एकूण लिहिण्यातला निम्मा.

अंतरपाट ही अ‍ॅनिमेटरला मिळालेली देणगी आहे. एक सपाट कापड, त्याच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा, दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत आणि आपल्याला दोन्ही दिसतात. कापडाच्या खालून फक्त पावलं दाखवता येतात, वरून टोपीचं टोक, कडेने सरकत जाणारा सुहासचा हात.

मंगलाष्टकं हे तयार घड्याळ आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी "सावधान", अक्षता उडतात, आणि एक कडवं कमी झालं. कडव्यांच्या मधल्या जागेत कृती ठेवा. पहिल्या सावधानला सुहास रुखवताच्या टेबलाखाली, दुसऱ्याला आठ डबे उघडे, तिसऱ्याला ओमच्या हातातला डबा दिसतो, चौथ्याला ओम पंगतीच्या हॉलकडे पळत सुटतो. आणि कडवी संपत आली की सुहासला वेळ पाहिजे, तर माईक कुणाकडे, हौशी आत्याकडे, जिने स्वतः रचलेलं नववं मंगलाष्टक आणलंय. ज्या आत्याला हळदीच्या रात्री सुहासनेच "उद्या नको, लांबेल" म्हणून गप्प केलं होतं, तिलाच तो आता हात जोडून विनंती करतो की म्हण, आणि सावकाश म्हण. लग्न लांबवायचा हा एपिसोडमधला एकमेव डाव जो यशस्वी होतो, आणि तो लग्न नीट लागावं म्हणून केलेला आहे.

सावध: मंगलाष्टक चालू असताना त्याच्यावर संवाद ठेवू नका. दोन्ही शब्द कानावर आदळतात आणि काहीच कळत नाही. कडव्यात चेहरे आणि पळापळ, कडव्याच्या शेवटी एखादी ओळ, बस.

आता कबुली. दुखणं बाहेर आलंच पाहिजे, पण भाषणाने नाही. आपल्याकडे त्यासाठी कानपिळी आहे. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, आमच्या मुलीला नीट सांभाळा म्हणून, आणि मानपान घ्यायचा. मंगळसूत्र वेळेत मिळालेलं आहे, सुहास घामाने भिजलेला, शर्टाला चकलीचा चुरा. करंदीकर कान पुढे करतात. सुहास कान धरतो. सगळे हसतात, फोटोवाला म्हणतो जरा इकडे बघा, फ्लॅश पडतो. सुहास कान सोडत नाही. हसणं हळूहळू थांबतं. आणि तो खाली वाकून, ज्या कानात मशीन आहे त्याच कानात म्हणतो, "दाजी, तिला सकाळच्या चहात आलं जास्त लागतं."

पूर्ण एपिसोडभर त्याने त्यांना फक्त "करंदीकर" म्हटलेलं असायला हवं, एकदाही दाजी नाही, अगदी पहिल्या पानापासून, तरच इथे तो शब्द लागतो. म्हणून मी म्हणतो की दुखणं आणि शेवट आधी लिहा. हे मागाहून घुसवता येत नाही, पूर्ण स्क्रिप्ट परत चाळावी लागते आणि एखादं दाजी राहूनच जातं.

चेक: या सीनमधले सगळे संवाद झाकून फक्त कृती वाचा. गोष्ट कळतेय का? कळली पाहिजे.

## टप्पा ७. संवाद आणि गमती आता

होय, इतक्या उशिरा. आता पात्र पक्की आहेत, त्यामुळे प्रत्येकाचा विनोद वेगळा येईल. प्रत्येक पात्राची एक बोलण्याची लकब लिहून ठेवा. मेधा प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देते, ओम आकडे सांगतो, ताई वाक्य अर्धं सोडते आणि सुहास ते पूर्ण करतो, ज्यावरून त्यांचं नातं कळतं.

चेक: नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही तर ती ओळ कुणाचीच नाही, काढा. आणि पुणेरी घरातला माणूस हिंदी सिरीयलसारखा बोलत असेल तर तेही काढा.

## टप्पा ८. मोठ्याने वाचन

पाच-सहा जणांना बसवा, पात्रं वाटून द्या, कृतीच्या ओळी एकाने वाचायच्या आणि लेखकाने काहीही वाचायचं नाही. लेखकाने फक्त खुणा करायच्या: हसले तिथे बरोबरची खूण, मोबाईल बघितला तिथे रेघ. वाचताना मध्ये समजावून सांगू नका. जिथे समजवावंसं वाटलं तीच जागा कच्ची.

स्टॉपवॉच चालू ठेवा. अ‍ॅनिमेशनच्या स्क्रिप्टमध्ये संवाद भराभर येतात आणि चित्रात दिसणाऱ्या गोष्टीही लिहाव्या लागतात, म्हणून एक पान म्हणजे एक मिनिट हा सिनेमावाल्यांचा हिशोब इथे बिनधास्त धरू नका. वाचनात २६ मिनिटं आली तर चार मिनिटं आत्ताच कापा. चित्र काढल्यावर कापलेलं प्रत्येक सेकंद म्हणजे कुणाच्या तरी हाताची मेहनत असते.

## टप्पा ९. चित्र काढणाऱ्याच्या नजरेने चाळणी

लिहिणारे हा टप्पा पूर्ण विसरतात आणि मग टीमशी भांडणं होतात. २२ मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ३१,६८० फ्रेम. सेकंदाला १२ चित्रं काढून प्रत्येक दोन फ्रेम धरलं तरी आकडा छोटा नाही.

लग्नाच्या एपिसोडचा खर्च लपलेला असतो कपड्यांत. रोजच्या एपिसोडमध्ये सुहास त्याच एका शर्टात असतो, त्याचं मॉडेल तयार आहे. लग्नात प्रत्येक पात्राला नवीन कपडे, म्हणजे प्रत्येकाचं समोरून, बाजूने, मागून नवीन डिझाईन. हळदीला वेगळे, लग्नाला वेगळे, रिसेप्शनला तिसरे असं लिहिलंत तर दहा पात्रांची तीस डिझाईन झाली. म्हणून हळद एका शॉटमध्ये किंवा फोटोंच्या रूपात उरका, रिसेप्शन लिहूच नका. नऊवारीच्या निऱ्या, मुंडावळ्या, गळ्यातले हार, हे सगळं पात्र हललं की हलतं. मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला पळवू नका, पळायचं काम सुहासला द्या, त्याच्या अंगावर साधा झब्बा ठेवा.

अक्षता प्रत्येक वेळी नव्याने काढायच्या नाहीत, एक सायकल, म्हणजे परत परत चालवता येणारा चित्रांचा संच, करून ठेवायची आणि प्रत्येक सावधानला तीच. पाहुण्यांची गर्दी म्हणजे दहा-बारा माणसांचा गट, पाठमोरा, पुढेमागे करून वापरायचा. घोडा अजिबात नको. चार पाय नीट चालवणं अनुभवी माणसालाही जड जातं.

चेक: स्क्रिप्टमध्ये "सगळे", "गर्दी", "अचानक सगळीकडे" हे शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा की हे तीन माणसांत होईल का.

## टप्पा १०. स्टोरीबोर्ड, कच्चे आवाज, अ‍ॅनिमॅटिक

अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र त्याच्यावर बसतं, ओठ त्या आवाजाप्रमाणे हलतात. तुमच्याकडे कलाकार नसतील तर मित्रांच्या आवाजात मोबाईलवर कच्चा ट्रॅक करा, पंखा बंद करून, एकेकाला वेगळं बसवून. मंगलाष्टकं मात्र घरातल्या ज्यांना खरोखर येतात त्यांच्याकडूनच म्हणून घ्या, चाल चुकली तर मराठी कानाला लगेच कळतं.

स्टोरीबोर्डसाठी, म्हणजे शॉटनुसार काढलेल्या कच्च्या चित्रांसाठी, स्टोरीबोर्डर, क्रिता, ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल, ही सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. काड्यांची माणसं चालतील. चित्रं आणि आवाज एका टाईमलाईनवर लावले की अ‍ॅनिमॅटिक तयार, आणि तो अशा माणसाला दाखवा ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही. तुम्ही त्याच्या मागे बसा, स्क्रीनकडे बघू नका, त्याच्याकडे बघा.

कानपिळीच्या जागचा थांबा, म्हणजे मधली शांतता, मोजा. फ्लॅश पडल्यापासून सुहास बोलेपर्यंत किती सेकंद गप्प आहे? नवीन माणूस इथे घाबरून एक सेकंद ठेवतो. मी चार ठेवायला सांगतो, शंभराच्या आसपास फ्रेम नुसता धरलेला कान आणि पापण्यांची एक उघडझाप. तिथे बघणारा हलला, त्याने खुर्ची सरकवली किंवा काहीतरी विचारलं, तर थांबा कमीजास्त करू नका, पहिल्या सहा मिनिटांकडे परत जा, ताई आणि सुहासचा साधा चहाचा सीन तिथे राहून गेलाय का बघा.